पाहुणीची तिपाई

धुळ्याच्या देवपुरातल्या एका कॉलेजात मी इंटिरियर डिझाइनच्या मुलांना फर्निचरचा इतिहास शिकवते. मुलांना हा विषय आवडत नाही. त्यांना मॉड्युलर किचन शिकायचं असतं. म्हणून पहिल्या तासाला मी सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवते आणि आत आलेल्या मुलांना म्हणते, "बसा आता." कुणी फरशीवर मांडी घालतं, कुणी खिडकीच्या कट्ट्यावर टेकतं, एखादी मुलगी ओढणी सावरत उभीच राहते. मग मी सांगते, की माणसाचंही आधी असंच होतं. दगड दिसला, ओंडका दिसला, त्यावर तो टेकला. पुढे ओंडक्याला पाय लावले, तेव्हा स्टूल झालं. खुर्ची फार नंतरची. पाठ टेकायची सोय म्हणजे चैन, आणि ती थोड्यांनाच परवडायची.

मग मी त्यांना इजिप्तच्या घडीच्या स्टुलाचं चित्र दाखवते. मोहिमेवर निघालेला अधिकारी ते बरोबर न्यायचा आणि छावणीत सगळे जमिनीवर असताना हा वीतभर उंच बसायचा. फ्रान्सच्या दरबारात राणीसमोर बिनपाठीच्या स्टुलावर बसायला मिळावं म्हणून मोठमोठ्या घरच्या बायका झुरायच्या, कारण बाकीच्यांना उभंच राहावं लागे. आपल्याकडे जेवायला पाट, देवाला आणि नवरदेवाला चौरंग, सरदाराला गादी-लोड. साहेबाबरोबर खुर्ची आली, आणि साहेबाच्या दाराबाहेर पट्टेवाल्याचं स्टूल आलं. सांगता सांगता मी फळ्यावर एक उभी रेघ ओढायची आणि म्हणायची, "लक्षात ठेवा, जो जितका उंच बसतो, तितका त्याचा मान मोठा." कित्येक वर्षं हे वाक्य मी खात्रीने म्हणत आले. त्यानंतर मी माझं लाडकं उदाहरण द्यायची. पहूरच्या एका शेतकऱ्याच्या घरातली सागवानी तिपाई.

ती तिपाई मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेन. जळगावला डिप्लोमा करत होते. होस्टेलच्या खोलीत माझ्याबरोबर जी मुलगी होती ती पहूरची. घरी कपाशीची शेती, वडील गावातले जाणते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. आईला अक्का. एक धाकटा भाऊ. मुलगी मनमोकळी, हसरी, माझ्यापेक्षा हुशार आणि माझ्यापेक्षा आळशी. आमचं पहिल्याच आठवड्यात जमलं. त्याच आठवड्यात मी तिला सांगून टाकलं होतं, की आम्ही बौद्ध आहोत. नंतर कळून कुणाचा चेहरा बदललेला पाहण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, असं माझी आई म्हणायची. मैत्रीण वेणी घालत होती. आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाली, "मग काय झालं?" आणि तिने रबरबँड मागितला. माझ्या आयुष्यात त्या प्रश्नाला इतकं सोपं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

हिवाळ्यात ती मला घरी घेऊन गेली. वांग्यांचे दिवस होते, शेतात भरताचा बेत होता. घरी पोचलो तेव्हा पुढच्या खोलीत लाकडी खुर्च्या होत्या, खाट होती, खिडकीशी नानांची आरामखुर्ची होती. मी खुर्चीकडे वळणार तेवढ्यात मैत्रिणीने आतून एक तिपाई आणली आणि दारालगत ठेवली.

"ही तुझी," ती म्हणाली. "आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू. तुझ्यासारखीला दुसरीकडे कुठे बसवू?"

तुझ्यासारखीला म्हणजे फर्निचरच्या वेडीला, असा मी अर्थ घेतला. आणि तिपाई होतीही तशीच. तीन पाय खाली किंचित फाकलेले, बैठकीत आरपार घातलेले, वरून पाचर मारून घट्ट केलेले. कुठे खिळा नाही. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, जमीन कशीही असो. सारवलेल्या खडबडीत घरांत तीन पायच हवेत हे ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं, तो माणूस मला नेहमी फार शहाणा वाटत आलाय. मी बसले. अक्का आतून आल्या. "आली का व बाई? बस, बस," म्हणाल्या. मला बरं वाटलं.

शेतातही तिपाई आमच्याबरोबर बैलगाडीतून आली. निंबाच्या सावलीत पंगत बसली. सगळे सतरंजीवर, माझी तिपाई जरा बाजूला. मी खाली बसायला निघाले तर मैत्रीण म्हणाली, "अगं, पाहुणी ना तू! वर बस." हातात ताट घेऊन मी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. सगळे खाली, मी वर. मला संकोच वाटला आणि, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "चल, आपली ताटं आपण घासू." विहिरीच्या पाण्याच्या पाटाशी बसून आम्ही दोघींनी आपापली ताटं घासली, पाणी उडवत, हसत. मला वाटलं, या घराने मला पाहुणीही मानलं आणि घरचीही.

त्यानंतर मी वर्षातून एकदा-दोनदा तरी पहूरला जायची. प्रत्येक वेळी तिपाई दारालगत ठेवलेली असायची. दुसऱ्या वर्षाला आम्हाला एका जुन्या वस्तूचं मोजून चित्र काढायचं होतं. मी तिपाई निवडली. टेपचं एक टोक मैत्रिणीने धरलं, दुसरं मी. तिने पायांमधलं अंतर सांगायचं, मी लिहायचं. बैठकीवरच्या लाकडाच्या रेषा वर आल्या होत्या, हाताला खरखरीत लागायच्या. पायांची टोकं काळी पडली होती. मी त्याखाली लिहिलं, की पिढ्यान् पिढ्यांच्या वापराने लाकडाला हे रूप आलं आहे. सरांनी ते चित्र भिंतीवर लावलं. मैत्रीण त्या चित्रासमोर माझ्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली होती.

तिचं लग्न पहूरलाच झालं. माझी आई त्या लग्नाला आली होती. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, कुठेही गेली तरी लोक तिच्याभोवती जमायचे. अक्कांनी तिचं स्वागत केलं, मैत्रिणीच्या भावाने तिपाई आणून ठेवली. आईने एकदा तिपाईकडे पाहिलं, एकदा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मनी कंबर दुखस. मी उभीच बरी." ती उभीच राहिली. जेवलीही नाही, उपास आहे म्हणाली. मला तिचा राग आला. परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही. तीही खिडकीबाहेर बघत राहिली.

लग्नानंतर मैत्रीण जळगावला राहायला आली, मी धुळ्याला नोकरीला लागले. ती नोकरी न करता घरूनच लोकांच्या फ्लॅटची कामं घ्यायला लागली. तिच्या जळगावच्या घरी मी शेकडो वेळा गेले असेन. तिथे मी सोफ्यावर लोळायची, तिच्या स्वयंपाकघरात चहा करायची. तिच्या मुलाच्या पाठीला मी तेल लावलंय. म्हणून मला कधी शंका आली नाही. शंका यायला जागाच नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजमध्ये एक छोटं प्रदर्शन करायचं ठरलं. खानदेशातल्या घराघरांतली बैठकीची साधनं. मुलांनी उत्साहाने वस्तू गोळा केल्या. पाट आले, पितळी फुल्यांचा चौरंग आला, सुतळीने विणलेला बसका मोढा आला, हॉटेलातलं लोखंडी स्टूल, शिंप्याचं उंच स्टूल, आणि एकावर एक रचता येणारी रंगीत प्लास्टिकची स्टुलं. तिपाईशिवाय मला प्रदर्शन अपुरं वाटत होतं. मी मैत्रिणीला फोन केला.

"ती कशाला?" ती म्हणाली. "फार खराब झालीये. घरचा चौरंग घे ना, छान आहे."

"चौरंग मिळालाय. मला माझी तिपाईच हवी."

"बघते. भावाला विचारते."

तिने विचारलं नसावं. मी दोनदा आठवण करून दिली, दोन्हीदा तिने विषय बदलला. शेवटी एका शनिवारी मीच न सांगता पहूरला गेले. पुढचं दार लावलेलं होतं. नाना जाऊन आता काही वर्षं झाली होती, भाऊ शेतावर असणार, अक्का दुपारच्या झोपलेल्या असतील, असा विचार करून मी घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेले.

मागच्या पडवीत, मोरीच्या पलीकडे, मैत्रिणीची वहिनी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. चोपड्याकडची मुलगी, अबोल. माझ्याशी इतक्या वर्षांत तिचं चहा-पाण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. ती माझ्या तिपाईवर बसली होती. मला पाहून तिने पदर सावरला, पण उठली नाही.

"ताई, तुम्ही? जवळ नका येऊ," ती म्हणाली. "मी बाजूला आहे."

पाळीचे दिवस होते तिचे. त्या घरात अजून हे पाळतात, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "मला काही फरक पडत नाही. बसा तुम्ही. मी या तिपाईसाठीच आलेय."

"ह्या तिपाईसाठी?" तिला कळेना. "ही तर बाजूला बसायची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बाजूला असलं की ह्याच्यावर बसायचं. खाटेवर नाही, खुर्चीवर नाही. लाकूड धुता येतं ना. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हीच. लग्नाआधी आमच्या ताई इथं होत्या तेव्हा त्यांनाही हीच होती म्हणतात."

मी हातातली पर्स धरून उभी होते. पुढचा प्रश्न विचारू नये असं वाटत होतं, पण तो तोंडातून गेला.

"मग मी आले की?"

वहिनीने शेंगेतून दाणे काढले, सुपात टाकले. मग म्हणाली, "तुम्ही येणार असा ताईंचा फोन आला, की मी ही धुऊन पुढे ठेवते. तुम्ही गेल्या की परत धुते आणि इथं आणते."

"दोन्हीदा धुता?"

"दोन्हीदा. आधी धुते ती तुमच्यासाठी. नंतर धुते ती घरासाठी." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. अक्का म्हणायच्या, तिला ठाऊक आहे, ती समजूतदार आहे."

मी तिपाईच्या पायांकडे पाहिलं. टोकं काळी पडली होती ती पाण्यात उभी राहून. वरच्या रेषा उठल्या होत्या त्या बसून बसून नव्हे, घासून घासून. भिजलेल्या लाकडाचे तंतू वर येतात हे मी दर वर्षी मुलांना शिकवते, तरी इथे मला ते दिसलं नव्हतं. दिसणार कसं? मैत्रिणीने सांगितलेल्या गोष्टीवर माझा विश्वास होता.

आतून अक्का जाग्या झाल्या असाव्यात. मागच्या दारात आल्या आणि मला बघून सवयीने म्हणाल्या, "बाहेर कशी उभी राहिली व बाई? आत ये." मग सुनेला म्हणाल्या, "ती तिपाई..." आणि थांबल्या. सून तिपाईवर बसलेली होती, मी समोर उभी होते. मी काय पाहिलं ते त्या समजल्या.

आत जावं आणि नानांच्या आरामखुर्चीत बसावं, असं माझ्या मनात आलं. मी एक पायरी चढलेही. पण तिथे बसून मला काय मिळणार होतं? मी पायरीवरूनच विचारलं, "अक्का, ही तिपाई मी कॉलेजात नेऊ?"

"ने."

"परत आणून देऊ ना?"

"नको," त्या म्हणाल्या, जरा घाईनेच. मग सुनेला, "ऊठ, दे तिले. थांब, धुऊन दे."

"राहू द्या," मी म्हटलं. "धुवायची गरज नाही."

वहिनी उठली. मी तिपाई तिच्या हातून घेतली. अक्कांनी तोंड फिरवलं. चहाचं कुणी विचारलं नाही, मीही थांबले नाही.

बसला गर्दी होती. मी दाराजवळ तिपाई ठेवून उभी राहिले, तर एक म्हातारी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवत म्हणाली, "बाई, बसू का यावर?" मी हो म्हटलं. ती जळगावपर्यंत बसून आली. उतरताना म्हणाली, "लई चांगली घडवलीये. कुठून आणली?" मी तिचं गाठोडं उचलून तिच्या डोक्यावर दिलं.

मी सरळ मैत्रिणीच्या घरी गेले. तिने दार उघडलं, माझ्या हातात तिपाई पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "आत ये," म्हणाली. मी तिपाई तिच्या सोफ्यासमोर ठेवली आणि उभीच राहिले.

"कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

हे तिचं पहिलं वाक्य. काय सांगितलं, असंसुद्धा तिने विचारलं नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"वहिनीने सांगितलं ना?"

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू टेप धरून उभी होतीस."

ती सोफ्यावर बसली. मग रडायला लागली. तिचं रडणं मी पूर्वी अनेकदा पाहिलं होतं, दर वेळी जवळ गेले होते. त्या दिवशी गेले नाही.

"मी काय करायला हवं होतं?" ती म्हणाली. "अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, तिला घरात आणायची नाही. मी आठवडाभर जेवले नाही. मग ती म्हणाली, आण, पण खुर्चीवर नको, पंगतीत नको. मी मार्ग काढला. तुझा मान राहील आणि तिचंही राहील, असा."

"मान?"

"तुला कधी कमी वाटलं का? खरं सांग. तू खूश नव्हतीस?"

"होते. तेच तर."

"आणि मी पण त्याच्यावरच बसायचे गं, चार-चार दिवस. मला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं, माझी जागा ती तुझी जागा."

ती मनापासून बोलत होती. म्हणूनच ते ऐकणं जड गेलं. मी म्हटलं, "तुझे चार दिवस संपायचे. पाचव्या दिवशी तू न्हाऊन खुर्चीवर बसायचीस. माझा पाचवा दिवस कधी येणार होता?"

डोळे पुसून ती म्हणाली, "इथे, माझ्या घरी, मी कधी केलं का असं?"

"नाही. इथे तुला कुणी अडवणारं नाही. आणि ताटं? विहिरीवरची?"

"मी पण माझं घासायचे ना तुझ्याबरोबर!"

"मला कळू नये म्हणून."

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मला सांगितलं असतंस तर मी आलेच नसते."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "तू यावीस असं मला वाटायचं."

इतकं खरं वाक्य तिने मला त्याआधी कधी सांगितलं नसेल. तिला मी हवी होते. मी हवी होते म्हणून तिने मला फसवलं, आणि फसवणुकीला मान हे नाव दिलं. ते नाव मी तिच्याकडून घेतलं आणि वर्गावर्गांत वाटलं. जो उंच बसतो त्याचा मान मोठा, हे फळ्यापाशी म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे निंबाखालची ती पंगत असायची. मला उंच बसवून त्यांनी पंगतीबाहेर काढलं होतं.

निघताना मी तिला एकच गोष्ट मागितली. "वहिनीचं नाव घरी काढू नकोस. तिने मुद्दाम सांगितलेलं नाही. तिला वाटलं मला माहीत आहे. शब्द दे."

"दिला," ती म्हणाली. माझा हात धरायला ती पुढे आली, पण मी तोवर तिपाई उचलली होती.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "माले त्याच दिन समजनं व्हतं," म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस? मी तुझ्याशी बोललेसुद्धा नाही त्या दिवशी!"

"तू कितली खूश व्हती माय. तुनी मैतरीन ती. माले वाटनं, तिलेच लाज वाटी. ती सांगी एक दिन."

म्हणजे इतकी वर्षं आई त्या एका दिवसाची वाट पाहत होती. मी पहूरहून आले, की ती विचारायची, "काय म्हनस तुनी मैतरीन?" मी भरताच्या, कपाशीच्या गप्पा सांगायची, आणि ती ऐकून आत जायची. मला त्या क्षणी मैत्रिणीचा जितका राग आला तितकाच आईचाही आला. मग तो ओसरला. आईने मला फसवलं नव्हतं, ती माझ्यासाठी गप्प बसली होती. दोन्हींत फरक आहे, पण त्या रात्री तो करायला मला त्रास झाला.

प्रदर्शन झालं. तिपाई मी चौरंग आणि मोढ्याच्या मधे ठेवली. मुलांना गोळा करून जे होतं ते सांगितलं, गावाचं नाव सोडून. ही कशासाठी होती, हिच्यावर कोण बसायचं, ही का आणि किती धुतली जायची. माझ्या चित्राखाली मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं, आणि ते चूक होतं हेही. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी पण अशी एक आहे." एका मुलीने विचारलं, "त्या मैत्रिणीशी बोलता का आता?" मी म्हटलं, पुढच्या वस्तूकडे चला.

पंधरवड्यानंतर वहिनीचा फोन आला. माझा नंबर तिने कुठून मिळवला कोण जाणे. ती चोपड्याला माहेरी होती. "मी बोलले हे ताईंनी अक्कांना सांगितलं," ती म्हणाली. "मग घरात खूप बोलणं झालं. घरची गोष्ट बाहेर काढली म्हणून. ह्यांनी आणून सोडलंय, थोडे दिवस राहा म्हणाले."

मी मैत्रिणीला फोन लावला. त्या दिवसानंतरचा पहिला.

"शब्द दिला होतास."

"अक्काने खोदून खोदून विचारलं. मी काय करणार होते?"

त्या 'मी काय करणार होते'वर मी फोन ठेवला. तो प्रश्न मी तिच्या तोंडून एवढ्यात दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुठेतरी तिची दया आली होती. तिपाईबद्दल मी तिला कदाचित कधीतरी माफ केलं असतं. वीस वर्षांची मुलगी होती, आईपुढे हतबल होती, असं म्हणता आलं असतं. आता ती पंचेचाळिशीची होती, आणि मी तिच्याकडे मागितलं होतं ते फक्त गप्प राहणं. गप्प राहण्यात तर ती इतकी वर्षं तरबेज होती.

पुढच्या रविवारी मी चोपड्याला गेले. वहिनीचं माहेर केळीच्या बागांच्या कडेला, दोन खोल्यांचं. तिची आई दारातच उभी होती. मला जणू रोजचीच असल्यासारखं आत घेतलं. वहिनी थोडी वाळली होती, पण इथे मोकळी बोलत होती. मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, "तुमचं काय चुकलं? मला उलट वाटलं, तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवं होतं." मग म्हणाली, "पुढच्या आठवड्यात जाते परत. पोरीची शाळा आहे."

"आणि तिकडे?"

"तिकडे काय. ह्यांनी नवीन आणलंय. प्लास्टिकचं. धुवायला हलकं." ती हसली नाही, मीही हसले नाही.

तिची आई चहा घेऊन आली. खाटेवर गोधडी होती, बाजूला खुर्ची होती, खाली चटई होती. "बस ना बाई," म्हणत ती स्वतः खाटेवर बसली आणि आपल्या शेजारची जागा हाताने थोपटली. मी तशीच उभी होते. मी खुर्चीकडे पाहिलं, चटईकडे पाहिलं, कोपऱ्यात काही ठेवलंय का ते पाहिलं. ती बाई निर्मळ मनाने बोलावत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण चेहरे मी पूर्वीही वाचले होते.

शेवटी मी तिच्या शेजारी बसले. चहा चांगला होता, गूळ घातलेला. ती केळीच्या भावाबद्दल, लेकीच्या लहानपणाबद्दल बोलत राहिली. मी हो, हो म्हणत होते, आणि कप रिकामा झाल्यावर तो कोण उचलतं, कुठे ठेवतं, याकडे माझं लक्ष होतं.